वायव्येचे नव्हे, वायव्येकडे

सोमवार, १२ तारीख
संध्याकाळी, कामाच्या टेबलावरून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी खोडून टाक, मग पुढचं ऐक. शनिवारी मी लिहिलं होतं की समुद्रात वायव्येचं वादळ तयार झालं आहे, होड्या जपा. ते चुकलं. वादळ वायव्येचं नाही. ते आग्नेयेकडून, भर समुद्रातून येत आहे आणि वायव्येकडे, म्हणजे आपल्या किनाऱ्याकडे निघालं आहे. चूक एवढ्याशा प्रत्ययाची, पण तिच्यामुळे वादळ उलट्या दिशेनं आलं.

बसच्या कंडक्टरमुळे ती माझ्या लक्षात आली. तो आज कौतुकानं सांगत होता की माझं पत्र शिंपीकाकांच्या ओट्यावर वाचलं गेलं आणि वस्तीनं चौदाच्या चौदा होड्या टेकडीमागच्या बंदरात नेल्या. तो हसत होता. आपल्याकडे 'वायव्येचं वादळ' कशाला म्हणतात ते मला तेव्हा आठवलं. उन्हाळ्यात डोंगरावरून येतं, तासभर थयथयाट करतं, चार पत्रे उडवतं आणि जातं, ते. त्याला टेकडीचा आडोसा पुरतो. हे तसलं नाही. हे समुद्रावरून येईल, दिवसभर मुक्काम करेल, आणि टेकडीमागचं बंदर नेमकं त्याच्याच बाजूला उघडं आहे.

हवामान कार्यालयात बसून मला हे कसं कळतं ते बाबांना सांग, म्हणजे ते विश्वास ठेवतील. जहाजांवरून दर तीन तासांनी संदेश येतात: वारा कुठून, किती, हवेचा दाब किती. ते आकडे मी नकाशावर पेन्सिलीनं मांडते. दाब सगळ्यात कमी जिथे, तिथे वादळाचं केंद्र. शनिवारी केंद्राचं एकच टिंब होतं. आज सात आहेत, आणि सातही एकामागून एक आपल्याकडे चालत आलेली दिसतात. दुपारी ते अकराशे किलोमीटरवर होतं. असंच येत राहिलं तर शनिवारी दुपारच्या सुमाराला किनाऱ्याला लागेल. 'सुमाराला' हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे, वाचताना शिंपीकाकांनी तो गिळू नये.

तेव्हा होड्या नदीत घ्या, पुलाच्या आत. नदीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे, भरतीशिवाय होडी त्यावरून जात नाही, हे मी तुला सांगायला नको. आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी टेकडीवरच्या दगडी गोदामात जायचं. घरात बसून राहायचं हे वादळ नाही.

शिंपीकाकांना म्हणावं, हे पत्र दोनदा वाचा. बाबांना नमस्कार. माया या चुकीसकट असू दे, जरी तू मला तंतोतंत म्हणतेस.

तुझी,
तंतोतंत

—

मंगळवार, १३ तारीख

चि. तंतोतंत हिस अ. उ. आ.

तुझं पत्र अकराच्या बसनं आलं. काकांनी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच मोठ्यानं. 'सुमाराला' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की पलीकडच्या घरातली बाई काय झालं म्हणून धावत आली.

पण बाई, घोळ असा झाला की एकच्या बातम्या लागल्या. रेडिओवरचा माणूस स्वच्छ म्हणाला की वायव्येचे तीव्र वादळ किनाऱ्याला धोका पोचवण्याची शक्यता आहे. संपलं. सगळ्या ओट्याचं तोंड माझ्याकडे. सुतार म्हणाला की शनिवारी एक सांगते, सोमवारी दुसरं सांगते, शिकलेल्या मुलीचं लग्न ठरवताना सांभाळून हो. मी त्याला म्हटलं की तुझ्या मुलाला कुणी विचारलेलंच नाही. त्यावर लोक हसले, पण होड्या काही हलल्या नाहीत.

तुझा बाप काय म्हणाला ते ऐक. तो म्हणाला की गेल्या वर्षी आपली पोरगी घरी आली तेव्हा तिनंच बजावलं होतं, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर विश्वास ठेवू नका, रेडिओवर ठेवा, कारण ते सगळं मोजून सांगतात. मी त्या दिवसापासून तसंच करतो. आणि रेडिओवरचं ते हवामानाचं बातमीपत्र तिच्याच हातचं असतं. मग तिच्या हातच्या सरकारी कागदावर विश्वास ठेवू की तिच्या हातच्या पत्रावर?  यावर उत्तर तुला सुचलं तर कळव.

मला मात्र तुझंच खरं वाटतं, आणि ते तुझ्यावरच्या मायेनं नाही. एक तर डोंगरावरच्या वादळाचा हा महिनाच नव्हे. दुसरं म्हणजे काल सकाळपासून समुद्र वेगळा हलतोय. वारा नाही, आणि लाटा मात्र लांब लांब, सावकाश, आग्नेयेकडून येतायत. दूर कुणीतरी मोठं भांडं हिंदकळवल्यासारख्या. बाळंतपणाला आलेली बाई बघून मी दिवस सांगते, तशी ही लाट बघून सांगते की काहीतरी येतंय, आणि समुद्रातूनच येतंय.

(आत्याबाई सांगतात तसं लिहिलं आहे. सुताराच्या मुलाबद्दलचं वाक्य गाळू का म्हणून विचारलं, तर कात्री उगारली, तीही माझीच. — शिंपी)

आमची माया कमीजास्त होत नसते, उगाच दर पत्रात विचारत जाऊ नकोस.

आत्या

—

मंगळवार, १३ तारीख
दिवेलागणीला

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून लिहिते.

रेडिओवरचा तो शब्द माझाच आहे.

मी इथे रुजू झाले तेव्हा बातमीपत्रात 'वायव्यगामी वादळ' असं लिहीत. वायव्येकडे जाणारं, असा त्याचा अर्थ. रेडिओवरचे निवेदक त्या शब्दाला दरवेळी अडखळत, एकदा तर ते 'वायव्यगावी' म्हणाले आणि तसं गाव कुठे आहे असं विचारणारं पत्र आलं. तेव्हा मी साहेबांना सुचवलं की साधा शब्द घालू या, 'वायव्येचे'. साहेबांना इतका आवडला की त्यांनी नमुनाच बदलून घेतला, छापून सगळ्या बंदरांना पाठवला. आमच्याकडे सामान्य माणसांची भाषा जाणणारी मुलगी आहे, असं ते पाहुण्यांना सांगत. मी त्या दिवशी घरी जाताना दोनदा स्वतःशी हसले होते.

तो शब्द मला सोपा का वाटला ते आता कळतं. तो घरातला होता. लहानपणापासून कानावर होता, म्हणून पटकन हाताला लागला. पण घरात तो कशाचं नाव आहे हे मी विसरले. इथे नकाशावर बाण असतो, बाणाचं टोक जिकडे, ती वादळाची दिशा. घरी वारा जिथून येतो तिथला म्हणायचा. मी बाणाला घरचं नाव देऊन बसले. चार वर्षं वसतिगृहात राहून दिव्याखाली शिकले ते यासाठी, असं आज वाटलं.

आणि हे फक्त आपल्या वस्तीचं नाही. या किनाऱ्यावर आपल्यासारख्या चाळीस वस्त्या आहेत. सगळीकडे डोंगरावरच्या वादळाला हेच म्हणतात. सगळीकडे रेडिओ आहे.

उद्या सकाळी साहेबांना सांगणार आहे. रागावतील, पण माणूस वाईट नाही, चूक दाखवली की दुरुस्त करतात. पुढचं पत्र टाकते तोवर तू बाबांना एवढंच सांग, की सरकारी कागदही तुमच्या मुलीनंच बिघडवला आहे. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे.

माझ्यावर माया ठेवच असं आज म्हणवत नाही. ठेवलीस तर घेईन.

तुझी,
तंतोतंत

—

बुधवार, १४ तारीख

चि. तंतोतंत हिस अ. उ. आ.

रडूबाईचं पत्र मिळालं. 'ठेवलीस तर घेईन' म्हणे! माया काय भाजी आहे, ठेवली, घेतली?

चुकलीस हे खरं. मोठी चुकलीस. पण मी तुझं पत्र ओट्यावर वाचायला लावलं, सगळंच्या सगळं, नमुना आणि निवेदक आणि दोनदा हसलीस ते सुद्धा. तुझा बाप मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला की हे तिनं लिहायचं धाडस केलं, आता तिच्या साहेबानं बोलायचं धाडस करावं, मी लगेच होडी हलवतो. एकला सगळे रेडिओला कान लावून बसले. निवेदक म्हणाला, वायव्येचे तीव्र वादळ. तुझा बाप उठून घरी गेला. जेवला नाही.

मग मी म्हटलं, बसा तुम्ही रेडिओची वाट बघत. नवऱ्यानं मला होडी रेडिओला विचारून दिलेली नव्हती. तो गेल्यावर अकरा वर्षं ती मी चालवली, तेव्हा कुठलाही नमुना नव्हता. अडीचला भरती होती. मी, माझी जाऊ आणि शिंपीकाका, असे तिघं टेकडीमागे गेलो. काकांनी आयुष्यात वल्हं धरलं नव्हतं. त्यांना माझ्या नाकासमोर बसवलं आणि मी सांगेन तेव्हा ओढा म्हटलं. पुरुषमंडळी बंदराच्या भिंतीवर बसून सल्ले देत होती. सुतारानं विचारलं की नवरदेव कुठे निघाले. मी म्हटलं, तू बसलायस तिथून शनिवारी उठून दाखव.

वाळूच्या उंचवट्यावर तळ एकदा घासला. काकांनी देवाचं नाव घेतलं, जावेनं माझं. पण गेली. पुलाच्या आत, चिखलात, दोन दोर पुढून, दोन मागून बांधून ठेवली आहे. आता तिला कुणी हलवून दाखवावं.

राहिल्या तेरा. त्यातली एक तुझ्या बापाची. तो यायला तयार आहे, पण एकट्यानं येऊन बाकीच्या बाराजणांना खोटं पाडायचं त्याला जड जातंय, आणि तुला खरं पाडणाऱ्या रेडिओची तो वाट बघतोय. मी त्याला भित्रा म्हटलं. मग मलाच वाईट वाटलं.

आता तुझ्या नोकरीचं. काका सांगतात की तुझा कायम होण्याचा कागद दोन महिन्यांनी यायचा आहे, आणि तू तोंड उघडलंस तर तो येणार नाही. मला ते कागद कळत नाहीत. मला एवढं कळतं की आपल्या घरात तुझ्याआधी कुणी साहेबासमोर खुर्चीवर बसलेलं नाही. म्हणून बसायलाच पाहिजे असं नाही. उभ्यानं बोललीस तरी चालेल. काढलं तर घरी ये, जाळी विणायची सुई तुझी वाट बघतेय, तुझी वीण पहिल्यापासून वाईट आहे.

(हाताला फोड आले आहेत, अक्षर वेडंवाकडं आहे ते त्यामुळे. मी नवरदेव नाही, हेही नोंदवून ठेवतो. — शिंपी)

लोभ आहे म्हणूनच एवढं टाकून बोलले.

आत्या

—

गुरुवार, १५ तारीख
दुपारी तीन, नकाशाच्या खोलीतून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझी होडी आत गेली हे वाचून मला इतकं हलकं वाटलं की क्षणभर वाटलं, चला, माझं काम झालं. लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. तेरा बाकी आहेत आणि एकोणचाळीस वस्त्या बाकी आहेत.

काय काय झालं ते क्रमानं सांगते.

काल सकाळी साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग भिंतीवरच्या नकाशापाशी नेलं, बाणावर बोट ठेवलं आणि विचारलं की हा बाण कुठे चालला आहे. मी म्हटलं, वायव्येकडे. मग आपण चुकीचं काय सांगतो आहोत, असं ते म्हणाले. मी म्हटलं की नकाशा ज्याच्यासमोर आहे त्याच्यासाठी काहीच नाही, पण ऐकणाऱ्याच्या घरी नकाशा नसतो. त्यांनी बाणावरचं बोट उचललं. त्यांना पटलं, आत्या, मला ते दिसलं. पण पटल्यावर माणूस जास्त घाबरतो. ते म्हणाले की आता शब्द बदलला तर लोकांना वाटेल वादळच वळलं, गोंधळ उडेल, आणि उद्या चौकशी लागली तर तीन वर्षांचे छापील नमुने कुणाच्या सहीचे आहेत ते निघेल. हंगाम संपला की आपण वर रीतसर सूचना पाठवू. मी विचारलं की कुणाचा हंगाम संपल्यावर. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

तुझं पत्र मिळाल्यावर आज पुन्हा गेले, या वेळी लेखी. त्यात त्यांच्या गोंधळाच्या प्रश्नाचं उत्तर होतं. नुसता शब्द बदलला तर गोंधळ होईल हे त्यांचं बरोबर आहे. म्हणून शब्द गुपचूप बदलायचा नाही, चूक कबूल करायची. काल आणि परवा आपण असं म्हणालो, ते चुकीचं होतं, खरं असं आहे, हे सरळ सांगायचं. तुला रोज लिहिते तसं. साहेब म्हणाले की सरकारी बातमीपत्रात अशी पद्धत नाही. मी म्हटलं, मग आजपासून पाडू या. त्यांनी मुख्य कार्यालयाला विचारणा केली आणि उत्तर येईपर्यंत थांबायला सांगितलं.

आता जे लिहिते ते लपवलं असतं तर बरं झालं असतं. आज साडेबाराला रेडिओ केंद्राला बातमीपत्र फोनवरून सांगायचं काम माझं होतं, रोजचंच. साहेब शेजारी उभे होते. मी तोच शब्द सांगितला. 'वायव्येचे.' माझ्या तोंडानं. तुम्ही एकला ऐकला असेल तो माझाच, ताजा.  नोकरीची भीती एवढी असते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं मी चुका करायला भिते. तसं नाही. चूक दुरुस्त करायलाच मी जास्त भिते, कारण ती सगळ्यांसमोर करावी लागते.

मग दोनला नवे आकडे आले. केंद्र आता चारशे ऐंशी किलोमीटरवर आहे. दाब कालपेक्षाही उतरला. टिंबांची रेघ सरळ आहे, कुठेही वळण नाही. सुमार अजून शनिवार दुपारचाच. याचा अर्थ दिवसाउजेडी नदीत शिरायला एकच भरती उरली, उद्या शुक्रवारी चारची. शनिवारच्या भरतीला कुणी नदीच्या तोंडाशी उभं राहू शकणार नाही. उद्या एकच्या बातमीपत्रात खरं गेलं, तर चाळीसही वस्त्यांना तीन तास मिळतात. मुख्य कार्यालयाचं उत्तर तोपर्यंत येईल की नाही माहीत नाही. मी त्यासाठी थांबणार नाही, उद्या साडेबाराला रेडिओ केंद्राला फोनवरून खरं तेच सांगणार आहे.

साहेबांच्या पाठीमागे करणार नाही. तेवढी तंतोतंत मी राहणारच. काय बोलणार आहे तो मजकूर लिहून, खाली सही करून, आत्ताच त्यांच्या टेबलावर ठेवून आले. तो असा: 'गेल्या पाच दिवसांत या कार्यालयाने वायव्येचे वादळ असे सांगितले. ही चूक होती. हे डोंगरावरून येणारे वादळ नाही. हे समुद्रातून, आग्नेयेकडून येत आहे आणि शनिवारी दुपारच्या सुमारास किनाऱ्यावर धडकेल. होड्या आज चारच्या भरतीला नद्यांच्या आत घ्या. समुद्राकाठच्या लोकांनी आज संध्याकाळपर्यंत उंच जागी, पक्क्या इमारतीत जावे. चुकीचा शब्द सुचवणारी आणि ही दुरुस्ती सांगणारी व्यक्ती एकच आहे.' त्याखाली माझं नाव आणि हुद्दा.

साहेबांनी उभ्या उभ्या वाचला. म्हणाले की शेवटचं वाक्य अनावश्यक आहे. मी म्हटलं की ते राहील. मग म्हणाले की याचा परिणाम माझ्या कायम होण्यावर होईल आणि तसा अहवाल त्यांना स्वतःला लिहावा लागेल. मी म्हटलं, लिहा, फक्त त्यात तारीख आणि वेळ बरोबर घाला.  त्यांनी कागद वजनाखाली ठेवला आणि चष्मा पुसत बसले. नाही म्हणाले नाहीत. हो सुद्धा म्हणाले नाहीत. उद्या त्यांना फोन माझ्या हातातून काढून घ्यायचा असेल तर सगळ्या खोलीसमोर ओढून घ्यावा लागेल. मी सोडणार नाही.

हे पत्र सकाळच्या बसनं निघून अकराला तुझ्या हातात पडेल. ओट्यावर वाच. बाबांना सांग, दोर आधीच सोडून ठेवा, डोलकाठी उतरवा, वल्ही जागेवर ठेवा, म्हणजे एकला ऐकलं की लगेच निघता येईल. बारा जणांना त्यांनी खोटं पाडायची गरज नाही, ते मी पाडते, रेडिओवरून, आणि त्यांच्याआधी स्वतःला. आणि समजा काही कारणानं माझा आवाज पोचला नाही, निवेदकानं वाचलं नाही, तर बाबांनी तरीही निघावं. गेल्या वर्षी मी त्यांना रेडिओवर विश्वास ठेवायला सांगितलं होतं. तेही वाक्य खोडते. रेडिओमागच्या माणसानं चूक कबूल केली आहे का, ते बघून विश्वास ठेवा.

सुताराला सांग की त्याच्या मुलाबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही, पण होडी बुडाली तर नक्कीच नाही म्हणेन. शिंपीकाकांनी फोडांना तेल लावावं, उद्या पुन्हा वल्हं धरावं लागेल.

तुझी माया नोकरीबरोबर येत-जात नाही हे कळलं. आता मागणार नाही, वापरणार आहे.

तुझी,
तंतोतंत

उद्या, शुक्रवार, सोळा तारीख, दुपारी साडेबारा.